एका भुयाराचें परीक्षण

जें पुस्तक सरळ वाचून संपविण्यासाठीं लिहिलेलेंच नाहीं, त्याचें वाङ्मयीन परीक्षण करावें काय, असा प्रश्न कोणासही पडेल. गॅरी गायगॅक्स या अमेरिकन लेखकाचें ‘टूम ऑफ हॉरर्स’, म्हणजे ‘भयाचें थडगें’, हें १९७८ सालीं प्रसिद्ध झालेलें छोटेखानी पुस्तक या जातीचें आहे. तें कादंबरी नव्हे आणि नाटकही नव्हे. तें एका खेळाचें साहित्य आहे. परंतु आमच्या नाट्यशास्त्राच्या आरंभीं देव ब्रह्मदेवापाशीं काय मागतात? पाहतां येईल आणि ऐकतांही येईल असें एक ‘क्रीडनीयक’, म्हणजे खेळणेंच. ज्या परंपरेनें नाट्याचा उगम खेळण्याच्या मागणींत पाहिला, तिच्या अभिमान्यांनीं या पुस्तकाकडे पाहून नाक मुरडण्याचें कारण नाहीं.

प्रथम खेळाचें स्वरूप सांगितलें पाहिजे. गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं १९७४ सालीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. चारसहा मंडळी मेजाभोंवतीं बसतात. त्यांपैकीं एक जण सूत्रधार होतो. बाकीचे कोणी योद्ध्याची, कोणी मांत्रिकाची, कोणी चोराची भूमिका घेतात. सूत्रधार प्रसंग वर्णन करतो, खेळणारा आपला वीर काय करील तें सांगतो, आणि जेथें यशापयश संदिग्ध असेल तेथें फांसे निर्णय देतात. भुयाराचा नकाशा व प्रत्येक दालनाचें वर्णन ज्यांत असतें तें पुस्तक केवळ सूत्रधारानें वाचावयाचें असतें. ‘थडगें’ प्रथम १९७५ सालीं अमेरिकेंतील ‘ओरिजिन्स’ या क्रीडामेळाव्यांत स्पर्धेसाठीं वापरलें गेलें. ‘डंजन’ मासिकानें २००४ सालीं केलेल्या तीस श्रेष्ठ साहसांच्या यादींत त्यास तिसरें स्थान मिळालें, आणि २०१७ सालीं एका नव्या संग्रहांत तें पुन्हा छापलें गेलें. पुण्यांतील तरुण मंडळीही आतां हा खेळ खेळूं लागली आहेत. तेव्हां आपलीं मुलें रात्री जागवून ज्या भुयारांत उतरतात तें कसें आहे, हें वडील माणसांनींही जाणून घ्यावें.

असेरेरॅक नांवाच्या एका दुष्ट मांत्रिकानें मरणानंतरही आपलें अस्तित्व टिकविलें आहे. त्याचें थडगें एका टेकडीच्या पोटांत असून टेकडीच्या माथ्यावरील काळे दगड उंचावरून पाहिले असतां कवटीसारखे दिसतात. आंत धन आहे, आणि धनाच्या वाटेवर सापळे आहेत. राक्षसांशीं लढाई अगदीं थोडी. काम आहे तें निरीक्षणाचें व तर्काचें. आपले वीर अजिंक्य आहेत अशा फुशारक्या मारणाऱ्यांचा गर्व उतरावा हा हेतु लेखकानें लपविलेला नाहीं. त्यामुळें ‘हें थडगें अन्यायी आहे’ असा आक्षेप त्यावर पन्नास वर्षें घेतला जात आहे. या आक्षेपांत तथ्य किती, एवढाच आमच्या परीक्षणाचा विषय आहे.

न्याय आणि अन्याय ठरवावयाचा कशावरून? देवगिरीच्या किल्ल्यावरील अंधारी ज्यांनीं पाहिली असेल त्यांस भुयार म्हणजे काय हें सांगावयास नको. कातळांतील ती वळणावळणाची काळोखी वाट शत्रूस भुलविण्यासाठीं आहे. आणि तिच्या वरच्या तोंडाशीं विस्तव पेटवून आंत धूर कोंडण्याचीही सोय होती. तिच्या रचनाकारास दोष देतां येत नाहीं, कारण कोणीही पार होऊं नये हाच त्याचा धर्म होता. उलट महाभारतांतील यक्ष पहा. तळ्याचें पाणी पिण्यापूर्वीं तो प्रत्येक पांडवास बजावतो. चौघे भाऊ ऐकत नाहींत आणि पडतात, पांचवा ऐकतो आणि चौघांनाही परत मिळवितो. लाक्षागृहाची कथाही अशीच आहे. इतरांस उमगणार नाहीं अशा गूढ भाषेंत विदुर युधिष्ठिरास आधींच सावध करतो, म्हणून पांडव वांचतात. येथें संकटें प्राणघातक आहेत, परंतु संकटापूर्वीं खूण आहे. खेळ रचणारा हा किल्लेदार नव्हे, तो यक्ष आहे. कोणीतरी पार व्हावें अशी त्याची मनांतून इच्छा असली पाहिजे. आणि मरणाऱ्यास मरतांना ‘हें मला कळावयास हवें होतें’ असें वाटलें पाहिजे. आमच्या साहित्यशास्त्रांत ज्यास औचित्य म्हणतात तें या प्रकारांत हेंच होय.

ही कसोटी लावली असतां निकाल लोकापवादाहून निराळा लागतो. थडग्यांतील सर्वांत कुप्रसिद्ध स्थळ म्हणजे पहिल्या मार्गाच्या टोंकाशीं असलेलें हिरवें राक्षसी मुख. त्याच्या आ वासलेल्या जबड्यांत निबिड काळोख आहे; जो आंत शिरतो त्याचा मागमूसही उरत नाहीं. किती वीर तेथें नाहींसे झाले असतील याची गणती नाहीं, आणि लेखकास शिव्याशाप मिळाले आहेत ते बहुशः याच स्थळामुळें. परंतु त्याच मार्गाच्या रंगीत फरशींत खुद्द असेरेरॅकचा कूट संदेश गुंफलेला आहे. क्षणभर थांबून फरशी निरखणारासच तो दिसतो. आणि हिरव्यापासून दूर रहा, असा इशारा त्यांत आहे. म्हणजे विदुराची वाणी येथें आहे. ऐकणारा युधिष्ठिर मात्र हवा. खेळणाऱ्यांस दाखविण्यासाठीं जोडलेली चित्रांची स्वतंत्र पुस्तिकाही याच हेतूनें केलेली आहे. पाहणाऱ्याच्या दृष्टीवर लेखकानें टाकलेला हा विश्वास आम्हांस या पुस्तकाचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

अन्याय आहे तो दुसरीकडे. एका ठिकाणीं विषारी वायूनें सर्व मंडळी निद्रिस्त होतात, आणि फांसा प्रतिकूल पडला तर एक प्रचंड दगडी यंत्र येऊन निजलेल्यांस चिरडून टाकतें. त्या यंत्राचें इंग्रजी नांव ‘जगरनॉट’ हें आमच्या पुरीच्या जगन्नाथावरून गेलेलें आहे, ही गोष्ट सोडून द्या. परंतु निजलेल्यांस मारणें हें अश्वत्थाम्याचें कृत्य आहे, आणि महाभारतकारानें त्याचा गौरव केलेला नाहीं. झोंपलेल्या वीराला निर्णय करतां येत नाहीं. जेथें निर्णय नाहीं तेथें खेळ नाहीं, केवळ अपघात आहे. ‘मुक्तामाला’ (१८६१) व तिच्यामागून आलेल्या आमच्या अद्भुत कादंबऱ्यांवर टीकाकारांनीं जो दोष ठेवला तो हाच कीं, त्यांतील पात्रें योगायोगानें वांचतात. येथें तीं योगायोगानें मरतात, एवढाच फरक.

शेवटच्या दालनाविषयींही आमचें मत संमिश्र आहे. असेरेरॅकची आतां केवळ एक कवटी उरली आहे. तिला हात लावीपर्यंत ती स्वस्थ असते. लोभ आवरणारा सुखरूप परत जाऊं शकतो, ही कल्पना उत्तम आहे. परंतु ज्या मोजक्या मंत्रांनीं व शस्त्रांनीं तिला इजा होते, त्यांची यादी सूत्रधाराच्या पुस्तकांत आहे, भुयाराच्या भिंतींवर नाहीं. जो परीक्षक न शिकविलेल्या भागावर प्रश्न घालतो आणि मुलें नापास झालीं म्हणून आपल्या प्रश्नपत्रिकेस कठीण म्हणवून घेतो, त्याच्याशीं लेखकाचें नातें येथें जुळतें. त्यापूर्वीं मध्येंच एक खोटा शेवट आहे. तेथें छत कोसळल्याचा भास होतो, आणि ‘भुयार फार कठीण वाटलें काय?’ असें सूत्रधारानें खेळणाऱ्यांस विचारावें, अशी सूचना आहे. हा विनोद मात्र आम्हांस मनापासून आवडला. कारण फसलेला मनुष्य तेथें मरत नाहीं, केवळ अर्ध्या वाटेवरून समाधानानें घरीं जातो.

एकंदरींत पाहतां, पुस्तकाच्या पूर्वार्धांत यक्ष बोलतो आणि उत्तरार्धांत वरचेवर किल्लेदार. तथापि शंभर सुरक्षित भुयारांपेक्षां हें एक सदोष भुयार आम्ही अधिक मोलाचें मानतों, कारण थांबणें, पाहणें व अर्थ लावणें यांस तें शौर्याहून वरचें स्थान देतें. जो सूत्रधार हें खेळवील त्यानें निजलेल्यांवरील तो दगडी रथ खुशाल गाळावा आणि कवटीचें मर्म सुचविणारा एखादा लेख वाटेंतील भिंतीवर कोरून ठेवावा. मूळ कृतीची त्यांत हानि होणार नाहीं. आणि आमच्या एखाद्या तरुण लेखकानें देवगिरीची अंधारी डोळ्यांपुढें ठेवून, परंतु विदुराचें मन घेऊन, असें एक भुयार मराठींत रचलें, तर त्याचें परीक्षण करण्यास आम्हांस अधिक आनंद होईल.