वैद्यकीय चुकांचे निवारण आणि दूरस्थ पाठांची भाषा

मुळशी तालुक्यात लवळे येथे सिंबायोसिस विद्यापीठाचे रुग्णालय आहे, पौडला ग्रामीण रुग्णालय आहे, आणि तालुक्याच्या डोंगराळ पश्चिम भागातील गावे आरोग्य उपकेंद्रांवर अवलंबून आहेत. येथील परिचारिकेस नोकरी सांभाळून पुढील शिक्षण घ्यावयाचे, तर ड्यूटी सोडून पुण्यास जाणे सहसा जमत नाही. २०२० च्या साथीत केंद्र शासनाने ‘आयगॉट दीक्षा’ हे व्यासपीठ आरोग्यकर्मचाऱ्यांसाठी सुरू केले. अशा व्यासपीठांमुळे ध्वनिचित्रफीत पाहावी, बहुपर्यायी प्रश्न सोडवावेत व प्रमाणपत्र उतरवून घ्यावे, ही रीत अंगवळणी पडली. ही सोय खरी आहे, आणि तिला नाक मुरडण्याचे कारण नाही. परंतु चुका टाळण्याचे शिक्षण या रीतीने देताना चुकेविषयी जी कल्पना गृहीत धरली जाते, ती तपासून पाहिली पाहिजे.

१९९९ साली अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने आपल्या अहवालात, तेथील रुग्णालयांत वैद्यकीय चुकांमुळे वर्षाला ४४,००० ते ९८,००० मृत्यू होत असावेत, असा अंदाज मांडला आणि दोषाचे मूळ व्यक्तीपेक्षा व्यवस्थेत शोधावयास सांगितले. हा विचार पुढे सर्वत्र स्वीकारला गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या अभ्यासक्रम-मार्गदर्शिकेतही तो आहे, आणि आजच्या पाठांतही तो सांगितला जातो. मात्र पाठाच्या अखेरीस परीक्षा होते ती पडद्यासमोर एकट्या बसलेल्या व्यक्तीची. आशय व्यवस्थेचा आणि घडण एकट्याची, असा हा विरोध आहे.

मराठीत तो अधिक उघडा पडतो. ‘चूक झाली’ या प्रयोगात कर्त्याला जागा नाही. ‘सिस्टरने चूक केली’ यात तृतीयेने कर्ता पकडला जातो. आणि ‘सिस्टरची चूक’ म्हणताच षष्ठीने चूक तिच्या मालकीची होते. पाठांतील ‘त्रुटी’ हा शब्द या तिन्हींपासून दूर, तत्सम आणि थंड आहे. वॉर्डात तो कोणी उच्चारीत नाही. तेथे बोलली जाते ती षष्ठी, आणि वृत्तपत्रांत ‘हलगर्जीपणा’. झालेली चूक आपण होऊन नोंदवावी, असे पाठ सांगतो. पण ज्या शब्दांत ती नोंदवली जाणार, त्यांतच आरोप बसलेला आहे, याचा विचार त्यात आढळत नाही.

लिपीचा प्रश्न याहून विलक्षण आहे. हायड्रालाझिन हे रक्तदाबावरील औषध आणि हायड्रॉक्सिझिन हे खाजेवरील. नावांतील साम्यामुळे त्यांची अदलाबदल होऊ नये, म्हणून इंग्रजीत नावाचा भिन्न भाग मोठ्या लिपीतील अक्षरांत छापतात. देवनागरीत मोठी व लहान लिपी असा भेदच नाही. पाठ मराठीत आणताच ही युक्ती नाहीशी होते. उलट एक नवा धोका येतो. देवनागरी ‘१’ हा रोमन नऊसारखा आणि ‘४’ हा रोमन आठसारखा दिसतो. नोंदवही मराठी अंकांत आणि सिरिंजवरील खुणा रोमन अंकांत असतील, तर परिचारिकेला दोन अंकलिप्यांमध्ये सतत ये-जा करावी लागते. इंग्रजी पाठाच्या भाषांतरात हा धोका सापडणे शक्य नाही, कारण मूळ पाठात तो नव्हताच.

तोंडी निरोपाचेही असेच आहे. ‘परवा’ या शब्दाचा अर्थ क्रियापद ठरविते : ‘परवा दिले’ आणि ‘परवा द्यायचे’ यांत चार दिवसांचे अंतर आहे. पाळी बदलताना घाईने ‘परवा इंजेक्शन’ एवढेच सांगितले वा लिहिले गेले, तर क्रियापदाबरोबर अर्थही जातो. संख्यावाचकांत एकोणसाठ आणि एकोणसत्तर घाईत सहज गफलत करणारे आहेत. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ असे संख्यावाचन आणले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. तो वाद शाळेपुरताच राहिला. औषधाच्या मात्रेशी त्याचा संबंध असू शकतो, हे कोणाच्या फारसे ध्यानी आले नाही.

यावर शास्त्राने सुचविलेला उपाय जुना व साधा आहे : ऐकणाऱ्याने आज्ञा परत उच्चारावी आणि सांगणाऱ्याने तिला दुजोरा द्यावा. पाठात ही व्याख्या चार पर्यायांतून निवडावयाची असते व ती बहुतेकांना बरोबर येते. पण वरिष्ठाचे बोलणे त्याच्यासमोर पुन्हा उच्चारणे म्हणजे शंका घेणे, क्वचित उलट बोलणे, असा आपल्याकडील संकेत आहे. ‘सर, पंधरा म्हणालात की पन्नास?’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या सोपे आणि सामाजिकदृष्ट्या अवघड आहे. ‘सर’ या संबोधनाने आरंभीच उतरंड मान्य करून मग प्रश्न विचारावयाचा, अशी त्याची रचना आहे. शिवाय ते नुसते परिचारिकेला शिकवून भागत नाही. ते ऐकून न रागावण्याचे शिक्षण डॉक्टरलाही हवे, आणि तो आपला पाठ स्वतंत्रपणे, आपल्या श्रेयांकांसाठी, दुसऱ्याच पडद्यावर पाहत असतो. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नियमानुसार त्याला पाच वर्षांत ३० श्रेयांक मिळवावे लागतात. त्यांपैकी दोन-तीन श्रेयांक तरी, परिचारिकेसह एकाच खोलीत बसून मात्रा मोठ्याने सांगण्याच्या व परत ऐकण्याच्या सरावासाठी, राखून ठेवता येतील. औषधांची नावे, मात्रांचे कोष्टक, हात धुण्याच्या पायऱ्या हे सर्व पडद्यावर खुशाल राहू द्यावे.