नव्वद सेकंदांत किती मावतं?

रिदमिक जिम्नॅस्टिक्स आज कुठे उभं आहे हे पाहायचं, तर मार्गारिता मामूनच्या कारकिर्दीपासून सुरुवात करावी. मॉस्कोत जन्मलेली ही मुलगी; आई रशियन, वडील बांगलादेशी. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिनं वैयक्तिक सुवर्णपदक जिंकलं. जागतिक स्पर्धेचं सर्वंकष विजेतेपद मात्र तिला कधीच मिळालं नाही. २०१४ आणि २०१५ या दोन्ही वर्षी ती याना कुद्र्यावत्सेवाच्या मागे दुसरी आली. रिओतही निम्मी फेरी होईपर्यंत याना पुढे होती. क्लबच्या रचनेत अगदी शेवटी यानाच्या हातून एक क्लब निसटला आणि निकाल फिरला.

पण तेवढ्यावरून मामूनचं सुवर्ण नशिबाचं ठरत नाही. याना अचूक होती, इतकी की पाहणाऱ्याला धास्ती वाटेनाशी व्हायची. मामूनचं बळ निराळं होतं. तिच्या दंडावरून चेंडू घरंगळत जाई, तेव्हा घाई कुठेच दिसत नसे. पाठीचा बाक, मान, बोटांची टोकं सगळं एकाच श्वासात चालायचं. संगीतातला विराम ती उगाच भरून काढत नसे. माझ्या मते त्या पिढीत संगीताचा अर्थ शरीरातून सांगणारी तिच्याइतकी समर्थ दुसरी कोणी नव्हती.

तिला हे जमलं, त्यात नियमांचाही वाटा होता. तेरा मीटर लांब-रुंद कार्पेट, ७५ ते ९० सेकंद, आणि हूप, चेंडू, क्लब, रिबन अशा चार रचना. त्या काळी काठिण्याला जास्तीत जास्त दहा गुण आणि सादरीकरणाला दहा. रिओत मामूनची बेरीज ७६.४८३ झाली, ८० पैकी. २०१८पासून काठिण्याची वरची मर्यादाच काढून टाकली. टोकियो ऑलिंपिकमध्ये इस्रायलच्या लिनोय अश्रामनं सुवर्ण जिंकलं ते १०७.८०० गुणांवर, आणि तेही रिबन हातातून सुटलेली असताना. रशियन गोटानं मोठा गहजब केला. अश्रामकडे बोट दाखवणं चुकीचंच होतं; तिनं त्या वेळच्या नियमांचा उत्तम अभ्यास केला होता. पण त्या नियमांनी कलेचं नुकसान केलं, यात मला शंका नाही. साधन पायानं उचल, मानेवर झेल, पाठीमागून फेक, प्रत्येक करामतीला गुण. मग नव्वद सेकंदांत त्या कोंबल्या जाऊ लागल्या आणि संगीत मागे कुठेतरी वाजत राहिलं.

मार्ता प्रुस या पोलिश दिग्दर्शिकेचा ‘ओव्हर द लिमिट’ हा २०१७चा माहितीपट मामूनच्या रिओपूर्वीच्या काळावर आहे. प्रमुख प्रशिक्षक इरिना विनेर तिच्यावर ज्या भाषेत ओरडतात, ते ऐकवत नाही. वडील कर्करोगानं आजारी, आणि सराव चालूच. रिओच्या विजयानंतर काही दिवसांतच ते गेले. वीस वर्षांच्या मामूननं जिंकलेली ती स्पर्धा तिची शेवटची ठरली. असं सौंदर्य अशा अपमानातूनच घडतं, हे मी मानत नाही. २०२२मध्ये इटलीच्या माजी खेळाडूंनी वजनावरून झालेली मानहानी उघडपणे सांगितली, तेव्हा हा प्रश्न एका देशाचा नाही हेही दिसलं.

नियम आता थोडे ताळ्यावर येत आहेत. २०२२पासून कलात्मकतेचे गुण वेगळे मोजतात. २०२५पासून काठिण्याच्या घटकांची संख्याही घटवली आहे. पॅरिसमध्ये सतरा वर्षांच्या दार्या वार्फोलोमेव्हनं जर्मनीला सुवर्ण मिळवून दिलं, तेव्हा तिची साधनांवरची पकड थक्क करणारी होती. संगीताशी तिचं नातं मला अजून तितकं खोल वाटत नाही. त्यासाठी लागणारी वर्षं तिच्याकडे आहेत, आणि नव्या नियमांमुळे रचनेत थोडी मोकळी सेकंदंही. मोकळी झालेली ही सेकंदं प्रशिक्षक पुन्हा करामतींनीच भरतात की नाचाला देतात, एवढंच मी येत्या मोसमांत पाहणार आहे.