संगणकसाहाय्यित दंतोपचारातील द्रव्ये : एक चिकित्सक दृष्टिक्षेप
(सातारा व सांगली जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
१९८५ मध्ये झुरिच येथे मॉर्मन व ब्रँडेस्टिनी यांच्या ‘सेरेक’ यंत्राने सिरॅमिकच्या ब्लॉकमधून कोरलेले भरण प्रथमच रुग्णाच्या दातात बसविले गेले. आज सांगली व कराड येथे दंतवैद्यकाचे शिक्षण मिळते. त्यामुळे या तंत्राची चिकित्सा येथील अभ्यासकांनाही परकी नाही. मात्र चर्चा बहुधा स्कॅनर आणि मिलिंग मशीनपाशीच थांबते. रुग्णाच्या तोंडात राहते ते यंत्र नव्हे, तर द्रव्य. हे मूळ सूत्र तीत दुर्लक्षित राहते.

बळकटीचा एकांगी निकष :
द्रव्याची प्रशस्ती प्रामुख्याने वाकबळाच्या आकड्यांवर केली जाते. फेल्डस्पार सिरॅमिकचे वाकबळ सुमारे १०० ते १५०, लिथियम डायसिलिकेटचे ३६० ते ५००, तर पारंपरिक झिर्कोनियाचे ९०० ते १२०० मेगापास्कल असते. परंतु हा आकडा प्रयोगशाळेतील पट्टीचा असतो, दाढेचा नव्हे. ‘लाव्हा अल्टिमेट’ या रेझिनयुक्त ब्लॉकचे वाकबळ फेल्डस्पारहून अधिक होते. तरीही कॅप सुटून येण्याच्या तक्रारींमुळे २०१५ मध्ये उत्पादकानेच कॅपसाठीची त्याची शिफारस मागे घेतली. बळकटी आणि टिकाऊपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

‘एकाच भेटीत दात’ :
हा दावाही तपासून घ्यावा लागतो. लिथियम डायसिलिकेट निळसर, अर्धस्फटिक अवस्थेत कोरून सुमारे ८४० ते ८५० अंश सेल्सिअसला भाजतात. ते काम अर्ध्या तासाच्या आसपास उरकते. झिर्कोनिया भट्टीत आक्रसतो, म्हणून तो २० ते २५ टक्के मोठा कोरावा लागतो. नेहमीच्या भट्टीत सुमारे १५०० अंशांवर त्याला कित्येक तास लागतात. जलद भट्ट्या उपलब्ध असल्या, तरी प्रत्येक झिर्कोनिया त्यांना मानवत नाही. जत किंवा माण तालुक्यातून रोजगार बुडवून येणाऱ्या रुग्णाची दुसरी खेप टळेल की नाही, हे संगणक नव्हे, तर द्रव्य आणि भट्टी ठरवितात.

आहार व सवयी :
सांगलीच्या हळदीस २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. या हळदीचा रंग रेझिनयुक्त ब्लॉक व तात्पुरत्या ॲक्रिलिक कॅपवर सहज चढतो. चकाकी दिलेल्या सिरॅमिकवर तो तुलनेने कमी चढतो. ऊस सोलून खाण्याची सवय असलेल्यांच्या पुढील दातांवर मोठा ताण येतो. तेथे झिर्कोनिया तग धरतो. परंतु बसविताना घासलेला पृष्ठभाग पुन्हा गुळगुळीत न केल्यास तो समोरच्या नैसर्गिक दाताचे एनॅमल झिजवितो. म्हणजे एका दाताची बळकटी दुसऱ्याच्या मुळावर येते.

निष्कर्ष :
द्रव्याची निवड ही माहितीपत्रकावरील आकड्याने नव्हे, तर दाताचे स्थान, चिकटविण्याची पद्धत, आहार, खर्च आणि पुन्हा येण्याची शक्यता यांचा एकत्रित विचार करून व्हावयास हवी. अध्यापनात यंत्रपरिचयाइतकेच द्रव्यविवेकालाही स्थान मिळाले, तरच हे तंत्रज्ञान ग्रामीण रुग्णाच्या खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल.