'करवाढ करून' : एका चरित्रवाक्याचे परीक्षण

डॉ. पंजाबराव उपाख्य भाऊसाहेब देशमुख यांची जी लहानमोठी चरित्रे व गौरवलेख आजवर आमच्या पाहण्यात आले, त्यांपैकी बहुतेकांत एक विधान थोड्याफार शब्दभेदाने आढळते. त्याचा आशय असा की, 1928 मध्ये अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर भाऊसाहेबांनी करवाढ करून प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पोथीवरून पोथी उतरताना एखादा पाठ कोणी न तपासता पुढे चालत राहावा, तसे हे विधान पुस्तकातून पुस्तकात आले आहे. ते खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. ते सदोष आहे, आणि दोष 'करून' या एका पदात आहे.

पाणिनीने क्त्वा-प्रत्ययास समानकर्तृकत्वाची अट घातली आहे. पूर्वक्रिया व उत्तरक्रिया यांचा कर्ता एकच असावा लागतो. मराठीतील ऊन-प्रत्ययही सामान्यतः हाच नियम पाळतो. प्रस्तुत ठिकाणी मात्र कर वाढविण्याचा ठराव कौन्सिलचा, कर भरणारा शेतकरी, आणि सक्तीस मंजुरी देणारे मध्यप्रांत-वऱ्हाडचे सरकार. इतके कर्ते एका 'करून'च्या पोटात घालून चरित्रकार सर्व क्रिया एकाच पुरुषाच्या स्वाधीन करतात. यात व्याकरण सांभाळले जाते, इतिहास सांभाळला जात नाही.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. 1920 साली त्या प्रांतात स्थानिक स्वराज्याचा व प्राथमिक शिक्षणाचा असे दोन कायदे झाले. पहिल्याने जिल्हा कौन्सिलांची घडी बसविली. जमीनमहसुलावर बसणारी पट्टी हे त्यांच्या उत्पन्नाचे एक मुख्य अंग होते. दुसऱ्याने स्थानिक संस्थांस सरकारी मंजुरीने आपल्या हद्दीत शिक्षणाची सक्ती लागू करण्याची मुभा दिली. मुभा दिली, खर्चाची सगळी तरतूद दिली नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या 1911 च्या विधेयकातही सक्ती व शिक्षणपट्टी यांची अशीच सांगड होती, आणि नव्या कराची धास्ती हे त्याच्या विरोधाचे एक कारण होते. 1912 मध्ये ते 38 विरुद्ध 13 मतांनी फेटाळले गेले. म्हणजे ज्या क्रियेला चरित्रकार अव्यय धातुसाधिताच्या कोपऱ्यात बसवितात, तीच अवघड क्रिया होती. सक्तीचे गोडवे गाणारे सभासद पुष्कळ मिळत. आपल्याच मतदारांवर पट्टी वाढविणारे थोडे.

वऱ्हाडात महसुलाची पद्धत मुंबई इलाख्याच्या धर्तीची रयतवारी होती, म्हणून तुलना तिकडची घेऊ. तेथे 1863 पासून महसुलाच्या रुपयामागे एक आणा लोकलफंड घेत व त्याचा तिसरा हिस्सा शाळांस देत. म्हणजे रुपयामागे चार पै. शेतकऱ्याच्या पैशावर विद्या वरच्या वर्गांस मिळते, अशी तक्रार जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये हंटर कमिशनपुढे मांडली, ती याच व्यवस्थेत. भाऊसाहेबांचा उद्योग त्या तक्रारीचे अर्धशतकानंतरचे उत्तर म्हणून वाचावा, असे आमचे मत आहे. पट्टी तीच, देणारा तोच. मात्र सक्तीमुळे शाळेत बसणारा मुलगाही त्याच घरचा होऊ लागला. त्यातच 1929 नंतरच्या मंदीत कापसाचे भाव कोसळले. या काळात ज्या कास्तकाराने वाढीव पट्टी भरली, त्याचे नाव चरित्रात कोठेही नाही. त्याला निदान कर्तृपद तरी मिळावे.

येणेकरून भाऊसाहेबांचे श्रेय उणावते असे कोणी समजू नये. 1930 मध्ये ते प्रांताच्या मंत्रिमंडळात शिक्षणखाते सांभाळू लागले, म्हणजे अर्ज करणारा व अर्ज घेणारा अशा दोन्ही बाजू त्यांनी पाहिल्या. त्यांचा वैदिक धर्मावरील प्रबंध ऑक्सफर्डहून 1933 मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ पाठाची छाननी हाच ज्यांचा अभ्यास, त्यांच्या चरित्रात अपरीक्षित पाठ राहावा हे विपरीत होय. मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह, 1932 ची श्री शिवाजी शिक्षण संस्था, अकोल्याचे त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ, यांना पाने मिळतात; पट्टीला अर्धे वाक्य.

आजच्या वाचकास हे अधिकच दुर्बोध होते, कारण पैशाची वाटच बदलली. अमरावती वा अकोला येथील घरमालकाच्या मालमत्ता कराच्या बिलात शिक्षण कराची वेगळी ओळ असते. ती 1962 च्या राज्य कायद्याची. महानगरपालिका तो कर वसूल करून राज्याच्या तिजोरीत भरते. कौन्सिलच्या काळी पट्टी देणाऱ्यास शाळेचे छप्पर गळते की नाही हे स्वतः जाऊन पाहता येई, व अध्यक्षास जाबही विचारता येई.

सबब आमचा सुचविलेला पाठ असा : 'अध्यक्ष भाऊसाहेबांच्या पुढाकाराने कौन्सिलने पट्टी वाढविली, ती शेतकऱ्यांनी भरली, तिच्या आधारावर सरकारी मंजुरीने शिक्षणाची सक्ती लागू झाली.' वाक्य लांबले, हे कबूल. त्याच्या पुष्ट्यर्थ लागणारे कागद सनदा व फर्माने जमविणाऱ्यांच्या दृष्टीस सहसा भरत नाहीत : पटवाऱ्याच्या दप्तरातील पट्टीच्या पावत्या, कौन्सिलची ठरावबुके, खेड्यातील शाळांचे हजेरीपट. वऱ्हाडातील वाड्यांच्या माळ्यांवरून असे गठ्ठे रद्दीत जाताना आम्ही पाहिले आहेत. ज्या संग्राहकांकडे 1928 ते 1933 च्या दरम्यानची अशी एकही पावती असेल, त्यांनी तिची नक्कल मंडळाकडे धाडावी. मूळ कागद आपल्यापाशीच ठेवावा.