मानपत्रांची भाषा आणि आपले तरुण

कडेगाव तालुक्यात मराठीचा शिक्षक म्हणून माझी सारी नोकरी गेली. या काळात मी कविता लिहिली नाही की कथा लिहिली नाही. मी लिहिली ती मानपत्रे. तरुण मंडळाचा वर्धापनदिन असो की पतसंस्थेचा समारंभ, 'आदर्श युवक', 'युवारत्न', 'समाजसेवा गौरव' असा काही पुरस्कार द्यायचे ठरले की संयोजक माझ्याकडे कागद घेऊन येत. नाव, गाव, शिक्षण आणि कार्य एवढी माहिती ते देत आणि संध्याकाळपर्यंत मी त्यांच्या हाती मजकूर ठेवत असे. अशी शंभरेक मानपत्रे तरी माझ्या हातून गेली असतील. स्वतःच्या लेखनाची चिकित्सा करायला मन सहजासहजी तयार होत नाही. पण ही चिकित्सा माझ्याच एका विद्यार्थ्याने सुरू केली आणि आता ती टाळता येत नाही.

मानपत्राला आपल्या समीक्षकांनी वाङ्मयप्रकार म्हणून कधी विचारात घेतलेले नाही. पण आमच्या भागातल्या किती घरांत पुस्तके असतात आणि किती घरांत चौकटीत लावलेले मानपत्र असते, याची मोजदाद करून पाहावी. ज्या घरात एकही पुस्तक नाही त्या घरातही भिंतीवर मानपत्र असते आणि आल्यागेल्याला ते वाचून दाखवले जाते. तेव्हा समाजमनावर संस्कार करणारे लेखन म्हणून त्याची दखल घेतलीच पाहिजे.

या प्रकाराची घडण ठरलेली आहे. आरंभी 'अत्यंत प्रतिकूल परिस्थितीवर मात करून', मध्ये 'जिद्द, चिकाटी आणि समाजाप्रती असलेली तळमळ' आणि शेवटी 'आपल्या हातून अशीच सेवा घडत राहो'. जात कोणतीही असली तरी चौकट हीच. मात्र पुरस्कार मिळवणारा तरुण बौद्ध, मातंग किंवा चर्मकार असला की पहिल्या वाक्याची लांबी वाढते. प्रतिकूल परिस्थिती 'अठराविश्वे दारिद्र्य' होते आणि मग चिखलातले कमळ येते. ते कमळ मीही अनेकदा फुलवले आहे. चिखल कोणी केला, हा प्रश्न मात्र त्या वाक्यात कधी उभा राहू शकत नाही. 'प्रतिकूल परिस्थिती' या शब्दांना कर्ता नसतो. पाऊस पडावा तशी ती पडलेली असते.

येथे दलित आत्मकथनांची आठवण होणे अपरिहार्य आहे. 'बलुतं' १९७८ साली आले, 'आठवणींचे पक्षी' १९७९ साली, 'उपरा' १९८० साली आणि 'तराळ-अंतराळ' १९८१ साली. मानपत्रात जी सामग्री असते तीच सामग्री या पुस्तकांतही आहे: उपास, वस्ती, शाळा, फाटके कपडे आणि त्यातून पुढे आलेला एक तरुण. परंतु आत्मकथनात परिस्थितीला कर्ता आहे. भाकर कोणाच्या दारातली, शिवी कोणाच्या तोंडची, वेठ कोणाच्या शेतावरची, हे तेथे नोंदलेले आहे. म्हणून तोच तपशील आत्मकथनात आरोपपत्र होतो आणि मानपत्रात आरती होतो. आटपाडीच्या तराळाच्या घरात जन्मलेले शंकरराव खरात मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९८४ च्या जळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मानपत्र लिहिणाराला हा प्रवास म्हणजे तयार मजकूर आहे. पण खरातांनी पुस्तकाच्या नावातच तराळकी ठेवली. आपण कोठवर आलो याबरोबरच आपल्याला कोठे ठेवले होते, हेही ते सांगत राहिले.

आता माझ्या विद्यार्थ्याची हकिकत सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. कडेगाव तालुका तसा दुष्काळी पट्ट्यातला, पण शेजारच्या पलूस तालुक्यातली कृष्णाकाठची गावे पाण्याखाली गेली. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे गेली. आमच्या बाजूच्या गावांतून भाकरी, कपडे, औषधे घेऊन तरुणांच्या तुकड्या निघाल्या. बौद्धवस्तीतली पाचसहा मुलेही गेली. त्यांच्यात माझा हा विद्यार्थी होता. पाणी ओसरल्यावर गोठ्यांतून दावणीला बांधलेली, फुगलेली जनावरे दिसू लागली. दुर्गंधी सुटली. आणि मग काही जणांच्या नजरा आपोआप या पोरांकडे वळल्या. कोणी जात उच्चारली नाही. 'तुमच्यातली पोरं धीराची आहेत' एवढेच म्हटले.

महाडच्या १९२७ च्या परिषदेपासून मृतमांस सोडा, ढोरे ओढणे सोडा हा संदेश गावोगाव गेला आणि त्यासाठी आपल्या आजोबा-पणजोबांनी बहिष्कार सोसले. ते सारे या मुलाला ठाऊक होते. साथ पसरेल हेही त्याला दिसत होते. त्याने काम नाकारले नाही आणि मुकाट्याने पत्करलेही नाही. दोरी हातात घेऊन तो म्हणाला, "ओढूया. पण प्रत्येक दोरीला सगळ्या जातींचे हात लागले पाहिजेत. नसतील तर आम्हीही लावणार नाही." थोडी कुजबुज झाली, दोघेतिघे निघून गेले. बाकीचे थांबले आणि त्यांनी दोरीला हात लावले. माझ्या मते त्या दिवशी त्या गावात घडलेली नेतृत्वाची एकमेव गोष्ट हीच होती.

पुढच्या प्रजासत्ताकदिनी एका संस्थेने त्याला पुरस्कार जाहीर केला. शाल, श्रीफळ, फेटा, सन्मानचिन्ह आणि पाच हजार रुपये. मानपत्र अर्थातच मी लिहिले. त्यातले वाक्य असे होते: 'महापुराच्या काळात मृत जनावरांची विल्हेवाट लावून आपण स्वच्छतेचे व्रत जोपासले.' समारंभानंतर तो घरी आला. मानपत्र पुढे ठेवून शांतपणे म्हणाला, "सर, ह्यात दोरीचं काहीच नाही की."

मी निरुत्तर झालो. मी त्याचे नेतृत्व गाळले होते आणि सेवा ठेवली होती. ज्या कामाचा जातीशी असलेला संबंध तोडण्यासाठी तो उभा राहिला, तेच काम मी 'व्रत' म्हणून पुन्हा त्याच्या गळ्यात बांधले होते. हे करायला मला कोणी सांगितले नव्हते. मीही त्याच समाजातला. मजकुराची चौकटच अशी आहे की लेखणी आपोआप तिकडे वळते.

'सेवा' या शब्दाचा इतिहास तपासल्याशिवाय या चौकटीचा उलगडा होणार नाही. गावगाड्यात सेवा कोणी केली? सांगावा घेऊन कोसकोस धावणे, चावडीपुढे रात्र काढणे, मढ्याची खबर पोचवणे, ढोर ओढणे ही सारी सेवाच होती. तिला पुरस्कार नव्हता, बलुते होते. आणि नकार दिला की मार होता. मुंबई राज्याने १९५८ साली कायदा करून ही कनिष्ठ वतने रद्द केली. वतन कागदावरून गेले, तरी सेवेची विभागणी मनातून गेली नाही. म्हणून आजही सुखवस्तू घरातल्या मुलाने शिबिरात एक दिवस खराटा धरला की त्याचे छायाचित्र छापून येते आणि रोज पहाटे तोच खराटा धरणाऱ्या बाईचे नाव गल्लीला ठाऊक नसते. एकाचे ते समाजकार्य ठरते, दुसरीचे ते काम ठरते. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली. तिच्या शिबिरांनी अनेक तरुणांना पहिल्यांदा आमच्या वस्त्या दाखवल्या, हे मी मान्य करतो. पण सात दिवसांनी शिबीर उठते आणि गटार तेथेच राहते.

पुरस्कारांच्या नियमांतही हीच दृष्टी आहे. महाराष्ट्र शासनाच्या २०१२ च्या युवा धोरणातून जिल्हा युवा पुरस्कार आले: एका युवकाला आणि एका युवतीला प्रत्येकी १०,००० रुपये, एका संस्थेला ५०,००० रुपये. हेतू चांगला आहे. परंतु कार्याचा पुरावा म्हणून मागितली जातात ती वृत्तपत्रांची कात्रणे, छायाचित्रे आणि प्रशस्तीपत्रे. म्हणजे ज्याला आधी प्रसिद्धी मिळाली त्याला पुरस्कार आणि ज्याला पुरस्कार मिळाला त्याला पुन्हा प्रसिद्धी. समाजमंदिरात दिव्याखाली चौथीच्या मुलांना पाढे शिकवणाऱ्या मुलीचे कात्रण कोठून आणायचे? वस्तीतल्या बाईला मारहाण झाली म्हणून रात्री पोलीस ठाण्याबाहेर बसून राहिलेल्या पोरांचे छायाचित्र कोण काढतो? त्यांच्या नेतृत्वाचा कागद असलाच तर तो त्यांच्यावरच्या गुन्ह्याचा असतो.

याच सांगली जिल्ह्यातल्या नांद्रे गावचे राजा ढाले १९७२ साली पस्तिशीच्या आतलेच होते. त्या वर्षी दलित पँथर उभी राहिली आणि १५ ऑगस्टच्या 'साधना'तील त्यांच्या 'काळा स्वातंत्र्यदिन' या लेखाने महाराष्ट्र ढवळून निघाला. १९७४ च्या जानेवारीत मुंबईतल्या मोर्चात भागवत जाधव मारला गेला. युवानेतृत्व आणि समाजसेवा या शब्दांना काही अर्थ असेल तर तो येथे आहे. त्या पोरांना त्या काळात कोणी फेटे बांधले नाहीत. नामदेव ढसाळांना १९९९ साली पद्मश्री मिळाली, पण ती साहित्यासाठी. व्यवस्था आपल्या कवीचा गौरव करू शकते, पुढाऱ्याचा करताना ती अडखळते. तिला पुढारी हवा असतो तो सेवकाच्या रूपात. शासनाने १९७१-७२ पासून 'दलितमित्र' पुरस्कार दिला. अनेक प्रामाणिक कार्यकर्त्यांना तो मिळाला. परंतु त्या नावातच देणारा मित्र आणि घेणारा दलित अशी वाटणी होती. पुढे ते नाव बदलून 'समाजभूषण' झाले हे बरे झाले.

मग सत्कार टाकाऊच आहेत काय? मी तसे म्हणत नाही. आपल्या चळवळीच्या इतिहासातला एक सत्कार सर्वांना ठाऊक आहे. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सभा झाली आणि कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. आपण ही गोष्ट बहुधा पुस्तकापाशी थांबवतो. मला महत्त्वाचे वाटते ते त्याच्या पुढचे. केळूसकर सभा संपवून घरी गेले नाहीत. त्यांनी सयाजीराव गायकवाडांपर्यंत या मुलाची गोष्ट नेली आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. १९१३ साली अमेरिकेला जाताना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंड मिळाले आणि बडोदे संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याचा करारही झाला. सत्काराला शिष्यवृत्तीची जोड मिळाली तेव्हाच त्या सभेला अर्थ आला. पण १९१७ साली करार पाळायला बडोद्यात गेलेल्या या विद्वानाला राहायला खोली मिळाली नाही. एका माणसाचा गुण ओळखल्याने समाज बदलत नाही, याचा याहून मोठा दाखला कोणता?

बाबासाहेबांनी यातून जो बोध घेतला तो आपण विसरत चाललो आहोत. राजाच्या औदार्यावर एक भीमराव शिकतो. हजारो मुले शिकायची तर हक्क लागतो. १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी पैशाची मागणी केली आणि १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. धर्मांतरानंतर बौद्धांच्या सवलती गेल्या. १९६० साली महाराष्ट्रापुरत्या त्या परत देणारे यशवंतराव चव्हाण आज कडेगाव तालुक्यात असलेल्या देवराष्ट्र्यात जन्मले. केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींत घ्यायला १९९० साल उजाडले. या शिष्यवृत्तीला मानपत्र नसते, फेटा नसतो. ती मिळणारा मुलगा आदर्श असावा अशी अटही नसते. तो गरीब आहे आणि शिकतो आहे, एवढे पुरते. मला ही अट नसणेच फार मोलाचे वाटते. आमच्या मुलांना सामान्य असण्याचाही हक्क हवा.

माझ्या विद्यार्थ्याला फेटा बांधला गेला त्या दिवशी त्याच्या धाकट्या बहिणीची शिष्यवृत्ती आलेली नव्हती. फी भरल्याशिवाय महाविद्यालय गुणपत्रक देत नव्हते. पुरस्काराचे पाच हजार रुपये तेथे गेले. म्हणजे भावाच्या सेवेच्या बक्षिसातून बहिणीच्या हक्काची भरपाई झाली. व्यासपीठावरून ज्यांनी त्याचे कौतुक केले त्यांतल्या एकानेही शिष्यवृत्ती का अडली हे विचारले नाही. मीही विचारले नाही. मी मानपत्रातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका शोधत होतो.

पुरस्कार देणाऱ्या मंडळांना म्हणून माझे सांगणे आहे. कात्रणे मागू नका, वस्तीत येऊन बसा आणि बायकांना विचारा, अडचणीत कोण धावून येतो. शाल आणि सन्मानचिन्हाचा खर्च एखाद्या मुलीच्या वर्षाच्या फीला लावा. ज्याचा गौरव करता त्याने कोणाला काय नाकारले, तेही मानपत्रात येऊ द्या. आणि आपल्या तरुणांना सांगणे असे की पुरस्कार जरूर घ्या, पण मजकूर आधी वाचून घ्या.

त्या मुलाचे मानपत्र मी पुन्हा लिहिले. त्यात दोरी आली, जात आली, निघून गेलेले दोघेतिघेही आले. जुने काढून त्याने नवे चौकटीत बसवले आहे. तेव्हापासून कोणी मजकूर मागायला आले की 'प्रतिकूल परिस्थिती कोणी निर्माण केली?' एवढे मी विचारतो. गेल्या वर्षी दोन संयोजक हा प्रश्न ऐकून दुसऱ्याकडे गेले. एकाने मात्र बसून घेतले आणि आम्ही दोघांनी मिळून उत्तर लिहिले.