फोटो कुणाच्या वेळेतला? : रॉय डिकराव्हाच्या निमित्तानं

आपल्या या पानांवर फोटो छापता येत नाही. स्टेन्सिलवर अक्षर उमटतं, चेहरा उमटत नाही. म्हणून फोटोंबद्दल लिहायचं तर ते शब्दांतच दाखवावे लागणार. सांभाळून घ्या.

आधी माझी चूक सांगतो. मागच्या चौदा एप्रिलला आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात फोटोंचं प्रदर्शन लावायचं ठरलं. आमच्यातलाच एक पोरगा एका स्टुडिओत कामाला आहे. लग्न, बारसं, साखरपुडा, पुढाऱ्याचा वाढदिवस. आठवडाभर दुसऱ्याच्या मांडवात उभा राहतो आणि सुट्टी मिळाली की स्वतःचे फोटो काढत फिरतो. त्यानं वीसेक फोटो आणले. नळावर घागरीला टेकून पेंगणारी म्हातारी. रात्रपाळीवरून येऊन चपला न काढताच झोपलेला माणूस. बोळातला एकुलता एक दिवा. आम्ही मंडळाची पोरं बघायला बसलो. पहिला प्रश्न मीच टाकला, "यात चळवळ कुठाय?" दुसरा म्हणाला, "अत्याचाराचा एक नाही, मोर्चाचा एक नाही. लोकांनी बघायचं काय?" पोरगा एवढंच म्हणाला, "दादा, ही पण आपलीच माणसं हैत की." आम्ही फोटो परत दिले आणि वर्तमानपत्रातली कात्रणं भिंतीला लावली.

त्यानंतर काही महिन्यांनी तिसऱ्या पाळीच्या जेवणाच्या सुट्टीत मी डिकराव्हाचे फोटो बघितले. मोबाइलच्या काचेवरची कापसाची धूळ पुसत पुसत बघितले. मी सूतगिरणीत रिंगखात्यात आहे. शाळा दहावीनंतर सुटली. फोटोच्या कलेतलं मला काही शिकवलेलं नाही. कविता लिहितो तशीच ही टीका लिहितो, दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात. म्हणूनच या माणसाचं मला जास्त कळलं असावं.

रॉय डिकराव्हा हा काळा माणूस १९१९ साली न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जन्मला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते हार्लेमला लागूनच. बाबासाहेब न्यूयॉर्क सोडून गेले आणि तीन वर्षांनी हा तिथं आला. आई जमैकाहून आलेली, तिनं एकटीनं वाढवला. शाळेचं नाव टेक्स्टाइल हायस्कूल, ते वाचून मला उगाच जवळचं वाटलं. पुढं कूपर युनियन या कलाशाळेत गेला, पण तिथला वर्णद्वेष सोसेना म्हणून दोन वर्षांत बाहेर पडला आणि हार्लेमच्याच कलाकेंद्रात शिकला. त्याला चित्रकार व्हायचं होतं. चित्रासाठी कच्चा आराखडा मिळावा म्हणून कॅमेरा हातात घेतला आणि मग कॅमेराच राहिला.

पोटासाठी तो जाहिरातीची चित्रं काढायचा. दिवसभर धंदेवाल्याच्या मालाची चित्रं. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन हार्लेमच्या रस्त्यावर. १९५२ साली त्याला गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली, ३,२०० डॉलर. ती मिळवणारा तो पहिला काळा फोटोग्राफर. त्या पैशात त्याला खरं मिळालं ते एक वर्ष. नोकरी बाजूला ठेवून वर्षभर तो फक्त आपल्या माणसांचे फोटो काढत होता. शिष्यवृत्तीच्या अर्जातच त्यानं लिहिलं होतं की मला समाजशास्त्राचा अहवाल करायचा नाही, मला निर्मिती करायची आहे, आणि काळ्या माणसाचं जे आतून कळतं ते काळाच दाखवू शकतो.

अर्ज आहे साली, पैसे मागायचेत, आणि माणूस लिहितो की तुमच्या पाहणीच्या फाइलीत घालायला मी गरिबी देणार नाही! मी असतो तर डोळे पुसत अर्ज लिहिला असता.

आता तीन फोटो.

पहिला १९४९ चा, नाव 'ग्रॅज्युएशन'. शाळा पार केलेली एक मुलगी लांब पांढरा झगा घालून एकटी चाललीय. भोवती पडीक जागा, कचरा, भिंतीवर मोटारीची जाहिरात. ती उन्हात आहे आणि पुढचं पाऊल सावलीत पडणार आहे. आमच्या वस्तीत पहिली मुलगी पदवीधर झाली तेव्हा तीही अशीच गटार ओलांडून, साडीच्या निऱ्या धरून गेली होती. तिचा फोटो आमच्याकडं नाही. आम्हाला तो काढण्याजोगा वाटलाच नाही.

दुसरा १९५३ चा, 'हॉलवे'. भाड्याच्या इमारतीतला अरुंद बोळ. माणूस नाही. एक मिणमिणता दिवा आणि दोन्ही बाजूंनी अंगावर येणाऱ्या भिंती. तो असल्याच बोळांत वाढला. आमच्या पोरानं बोळातला दिवा आणला तेव्हा आम्ही हसलो होतो. त्या दिव्याखाली बसून मी दहावीचा अभ्यास केला, हे मी हसताना विसरलो.

तिसरा १९६३ चा, आणि हा खास मंडळाच्या पोरांसाठी. त्या साली ऑगस्टच्या २८ तारखेला वॉशिंग्टनला मोर्चा निघाला. मार्टिन ल्यूथर किंग यांचं गाजलेलं भाषण त्याच दिवशीचं. लाखांवर माणसं. डिकराव्हाही तिथं होता. तिथल्या त्याच्या एका फोटोत व्यासपीठ नाही, झेंडे नाहीत. मिसिसिपीहून आलेल्या एका तरुण बाईचा चेहरा आहे, अगदी जवळून. चळवळ कुठाय, या माझ्या प्रश्नाचं उत्तर तिथं आहे. ती बाई घरून निघून एवढ्या लांब का आली, ते चेहऱ्यावर दिसतं. आपल्या मोर्चाच्या फोटोत पुढं बॅनर धरलेले चार जण दिसतात आणि मागं नुसती डोकी. त्या डोक्यांना आपण माणूस म्हणून कधी बघितलं?

डिकराव्हाचे फोटो अंधारे आहेत. तो फ्लॅश वापरत नसे. जिथं जेवढा उजेड, तेवढाच. छापतानाही काळं काळंच ठेवायचा. पहिल्यांदा बघताना नुसता काळोख दिसतो. थोडं थांबलं की त्यात गाल दिसतो, मनगट दिसतं, कोट दिसतो. रात्री लाइट गेल्यावर घरातली भांडी हळूहळू दिसायला लागतात, तसं. बघणाऱ्याला तो थांबायला लावतो. आता आमच्या पोराच्या स्टुडिओतली गोष्ट. तिथं त्याला मालकाची ताकीद आहे, नवरी गोरी दिसली पाहिजे. म्हणून तो रोज आपल्याच पोरींचे चेहरे धुऊन पांढरे करतो. आपल्या बायाही सांगतात, जरा उजळ कर रं बाबा. सुट्टीच्या दिवशी मात्र तो रंग जसाच्या तसा ठेवतो. दिवसभर मालकाच्या नजरेनं बघणाऱ्या माणसाला स्वतःचे डोळे शाबूत ठेवायला तेवढी एकच जागा उरते. ती जागा आम्ही समाजमंदिराच्या दारात मोडली.

याचा अर्थ डिकराव्हाचं सगळं मला पटतं असं नाही. वर्षभराचे फोटो घेऊन तो प्रकाशकांकडं फिरला, कुणी घेईना. शेवटी कवी लँगस्टन ह्यूजनं फोटो बघितले, स्वतः मजकूर लिहिला आणि १९५५ साली 'द स्वीट फ्लायपेपर ऑफ लाइफ' हे छोटं पुस्तक निघालं. एका म्हातारीच्या तोंडून सांगितलेली घरची गोष्ट. देवाकडून तार येते, चल आता, आणि म्हातारी म्हणते मला सवड नाही. म्हातारी मला आवडली, आमच्या आज्जीसारखी आहे. पण फोटोतली माणसं त्या गोष्टीतली नव्हतीच. ह्यूजच्या गोड बोलण्यानं फोटोंतला कडूपणा थोडा पातळ होतो. बोळाचा फोटो एकटा बघितला की घशात येतो. गोष्टीत बसला की नुसता घराचा रस्ता होतो.

दुसरी अडचण १९५६ च्या 'डान्सर्स' या फोटोची. दोन पुरुष एका सभागृहात नाचतायत. त्यांच्या हातवाऱ्यांत गोऱ्यांनी काळ्यांचं जे हसं केलं ते दिसतं, आणि तरी फोटो सुंदर आहे. डिकराव्हा स्वतःच या फोटोबद्दल बेचैन होता. हे दुखणं आपलंही आहे. त्याच १९५६ साली आपण नागपूरला धम्म घेतला. गावकीची हलगी खाली ठेवायचं तर आधीपासूनच चाललं होतं. आता हलगी वाजवणाऱ्या म्हाताऱ्याचा फोटो काढायचा का? त्याच्या मनगटात कला आहे आणि गळ्यात गुलामी पण आहे. मी म्हणतो, काढावा. पण काढणाऱ्याला डिकराव्हाएवढी बेचैनी असावी. नुसतं "वा, काय ताल" म्हणणाऱ्यानं काढू नये.

कुणी म्हणेल, हा कलावंत, चळवळीशी त्याला काय. तसं नाही. १९६३ साली काळ्या फोटोग्राफरांचा 'कमोइंगे' हा गट झाला, त्याचा तो पहिला संचालक. मासिकांच्या धंद्यात काळ्या फोटोग्राफरांना काम नाकारलं जाई, त्याविरुद्ध तो फोटोग्राफरांच्या संघटनेत भांडला. १९६९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं हार्लेमवर मोठं प्रदर्शन भरवलं आणि हार्लेमच्या चित्रकारांचं एकही चित्र त्यात घेतलं नाही. डिकराव्हा बाहेर निषेधाला उभा राहिला. मोर्चा त्यालाही कळत होता. पण मोर्चा संपल्यावर माणूस घरी जातो, ते घरही त्याला कळत होतं.

शेवटी मुद्दा वेळेचा. १९४५ च्या ग्रंथात गांधीवादाचा समाचार घेताना बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली ती याचसाठी. यंत्रानं फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय माणसाला संस्कृती नाही, जनावर आणि माणूस यांतला फरकच तिथं आहे. १९४२ ते १९४६ ते मजूर खातं सांभाळत होते, आणि १९४६ साली कारखान्याचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. आपण ते फक्त पगाराच्या हिशेबात वाचतो. राहिलेल्या तासांचं काय करायचं हे विचारतच नाही. माझ्या खात्यात दोन पाळ्या सलग ओढणारा माणूस घरी जाऊन नुसता पडतो. त्याची कविता, त्याचं गाणं, त्याचा फोटो तिथंच मेला. म्हणून सुट्टीच्या दिवशी स्वतःसाठी फोटो काढणारा पोरगा चैन करत नाही. लढून मिळवलेला तास तो वापरतो.

मी त्याच्या घरी गेलो. चूक कबूल केली, फोटो मागितले. पुढच्या चौदा एप्रिलला अर्धी भिंत त्याची, असं मंडळात ठरवून घेतलंय. तो म्हणाला, "दादा, बघतो. सध्या लग्नसराई है, मालक सुट्टी देत नाही."

म्हणजे आधी सुट्टीसाठीच भांडावं लागणार.