‘निर्जलीकरण’ : एका संज्ञेचे परीक्षण

अतिसाराने क्षीण झालेल्या बालकाच्या अवस्थेस मराठी परिचर्यालेखनात ‘निर्जलीकरण’ ही संज्ञा रूढ आहे. व्याकरणदृष्ट्या ती निर्दोष होय. परंतु संज्ञेची परीक्षा केवळ व्युत्पत्तीने होत नाही, तिच्यामुळे घडणाऱ्या कृतीनेही होते.

या संज्ञेत केवळ जल आहे. जुलाबांवाटे सोडियम, पोटॅशियम आदी क्षारही निघून जातात, हे ती सुचवीत नाही. त्यामुळे साधे पाणी पुरेसे आहे, अशा समजास वाव राहतो. उपचार मात्र शर्करा व क्षार यांनी युक्त अशा जलसंजीवनीचा आहे.

लोकभाषेतील ‘शोष पडणे’ हा प्रयोग अधिक बोलका वाटतो, कारण तो तहानेकडे लक्ष वेधतो. तथापि नेमका तेथेच धोका आहे. मध्यम अवस्थेतील बालक आधाशीपणे पिते; तीव्र अवस्थेतील बालक सुस्त पडते, त्यास पिताही येत नाही. तहान दिसेनाशी झाली म्हणजे शोष ओसरला, हा मातेचा निष्कर्ष भाषेस धरून असला तरी बालकास घातक ठरतो. डोळे खोल गेले आहेत काय, पोटावरील चिमटीत धरलेली त्वचा पूर्ववत् होण्यास २ सेकंदांहून अधिक वेळ लागतो काय, हे परिचारिकेने पाहिलेच पाहिजे. अशा बालकास शिरेतून द्रव देण्याची निकड असते.

सारांश, संज्ञा टाकून देण्याचे कारण नाही. परंतु पाठ्यपुस्तकात तिच्या शेजारीच ही लक्षणे साध्या मराठीत यावयास हवीत. संज्ञा शुद्ध राहिली आणि बालक दगावले, तर त्या शुद्धतेचे मोल ते काय?